खोपोलीची गाडी आणि परळची वाट

कर्जत म्हटलं की पुष्कळांना दोनच गोष्टी आठवतात. एक स्टेशनातला बटाटेवडा आणि दुसरी, घाट चढायला गाडीच्या शेपटाला लागणारी जादा इंजिनं. इंजिन लागेस्तोवर वडा खाऊन होतो, गाडी हलते आणि त्यांचं कर्जत तिथंच संपतं. आम्ही मात्र इथं संसार थाटून बसलो आहोत. डोंबिवलीहून लग्न होऊन मी आले त्याला यंदा चौदा वर्षं झाली. सकाळी तीन डबे, मग अर्ध्या दिवसाची शाळा, दुपारी सासूबाईंचं औषधपाणी, संध्याकाळी धाकट्याचा अभ्यास. ह्यातून प्रवासवर्णन लिहिण्याइतका प्रवास कुठून घडायचा? पण गेल्या आश्विनात एक घडला. अंतर म्हणाल तर जेमतेम दहा-बारा किलोमीटरचं. तोच सांगते.

कर्जतहून खोपोलीला एक फाटा जातो. पळसदरीपाशी पुण्याची लाइन डावीकडे घाटाला लागते आणि आमची गाडी डोंगराच्या पायथ्यानं सरळ निघते. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. बस्स, एवढीच स्टेशनं. डब्यात भाजीच्या पाट्या, दुधाची किटली, कारखान्याच्या पाळीला निघालेली पोरं आणि खिडकीतून भाताची खाचरं. आश्विनात हळवी भातं पिवळी पडलेली असतात. पलीकडं ढगातून डोकं काढलेला डोंगर आणि पावसानं अजून न सुकलेले पांढरे ओहोळ. सहल म्हणून कुणी येत असाल तर जरूर या. महडचा वरदविनायक इथलाच, आणि शिवाजी महाराजांनी १६६१ साली कारतलबखानाला ज्या उंबरखिंडीत कोंडलं, ती खिंडही खालापूर तालुक्यातलीच. बी. ए. ला माझा इतिहास होता, म्हणून हे राहवत नाही.

पण मी निघाले होते ते देवाला नव्हे नि इतिहासालाही नव्हे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ह्याच गाडीनं यायच्या. डोळवलीच्या बाजूच्या एका ठाकूरवाडीतल्या. सकाळी येताना पाटीत कधी करटुली, कधी शेवळं. ती बाजारात देऊन आमच्या आळीतल्या तीन घरची धुणीभांडी करायच्या आणि दुपारच्या गाडीनं परत. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. मी निघाले होते त्यांच्या सुनेकडे.

ह्यातलं माझं स्वतःचं एक खुपणारं आहे, ते आधी सांगून टाकते. पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाल्यावर मावशींच्या अंगावर पुन्हा जायला लागलं, हे त्यांनी मला भांडी घासता घासता सांगितलं होतं. "उष्णता भरलीय बाई अंगात," एवढंच म्हणाल्या. मी पदवीधर बाई, घरात रोजचा पेपर येतो, आणि मी काय म्हणावं? "दवाखान्यात दाखवून या हं," म्हटलं, लोहाच्या गोळ्यांची पाकिटं हातात ठेवली आणि शाळेला पळाले. त्यांनीही दाखवलं. जवळच्या एका डॉक्टरांनी दोनदा इंजेक्शन दिलं, न तपासता. मावशीही तपासू देत्या असं नाही, पुरुष डॉक्टर ना! असे आठ महिने गेले. परळला पोचल्या तेव्हा रोग तिसऱ्या पायरीवर होता.

त्याच वर्षी आमच्या मोठ्या जाऊबाईंना, डोंबिवलीला, तोच आजार निघाला. त्या बँकेत नोकरीला. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत बाकीच्यांबरोबर त्यांचीही पॅपची तपासणी झाली आणि अगदी कोवळ्या अवस्थेत सापडला. एक शस्त्रक्रिया, तीन आठवड्यांची रजा. यंदा आमच्याकडे दिवाळीला आल्या तर चकल्यांचा सोऱ्या त्यांच्याच हातात होता.

एकच आजार, एकच वर्ष, एकाच रेल्वेच्या दोन टोकांच्या दोन बायका. तेव्हापासून मला हे पिडायला लागलं, की माणूस कॅन्सरनं मरतं म्हणजे नक्की कशानं मरतं? मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारून, कुठं वाचून, परळच्या फेऱ्यांत डॉक्टरांना गाठून जे कळलं ते अनेक दिवस वहीत टिपून ठेवलं.

आधी वाटलं होतं की हा शहर आणि खेडं असा भेद असणार. तर तसं नाही! आपल्या देशात अकरा लाख घरांतून झालेल्या मृत्यूंची माहिती गोळा करणारी एक मोठी पाहणी झाली. जनगणना खात्याची माणसं घरोघर जाऊन विचारत, तुमच्या घरचं माणूस गेलं ते कसं गेलं, शेवटी काय होत होतं, कुठं दुखत होतं. ती उत्तरं डॉक्टर वाचून कारण ठरवत. त्यातून टाटा इस्पितळाच्या डॉ. राजेश दीक्षित वगैरे मंडळींनी २०१२ साली कॅन्सरचा हिशेब मांडला. २०१० ह्या एका वर्षात साडेपाच लाखांवर माणसं कॅन्सरनं गेली, आणि त्यातली शेकडा ७१ तीस ते एकोणसत्तर ह्या कर्त्या वयातली. बायकांत सर्वांत जास्त बळी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे. शहरात आणि खेड्यात मृत्यूचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. फरक निघाला तो शिक्षणात. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांत कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण शिकलेल्यांच्या दुपटीहून जास्त.

हे वाचून मी शिक्षिका म्हणून खूश व्हायला हवं होतं. पण बाराखडी आल्यानं काही गाठ विरघळत नाही. शिक्षण म्हणजे इथं उशिरा झालेलं लग्न, दोन बाळंतपणांतलं अंतर, घरातलं न्हाणीघर, हाताशी चार पैसे, आणि 'माझ्या अंगावरून जातंय' हे परक्या माणसासमोर उच्चारण्याची धिटाई. मुंबईचंच घ्या. तिथं १९६३ पासून कॅन्सरच्या रुग्णांची नोंदवही ठेवतात. त्या नोंदवहीत गर्भाशयमुखाचा कॅन्सर वर्षानुवर्षं उतरत आलेला दिसतो, आणि तोही सगळ्या बायकांच्या सरसकट तपासण्या कधीही झालेल्या नसताना! लग्नं उशिरा व्हायला लागली, मुलं कमी झाली, पाणी घरात आलं. मुख्य कारणं तीच असणार. शहरात स्तनाचा कॅन्सर वाढला ही त्याची दुसरी बाजू. म्हणजे आपणा शहरी बायकांनीही पाय पसरून बसू नये.

हा मुखाचा रोग एका विषाणूमुळं होतो. एचपीव्ही त्याचं नाव. पति-पत्नीच्या संबंधातून तो येतो, बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातोही. एखादीत मात्र ठाण मांडून बसतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. हे शोधून काढणारे जर्मन डॉक्टर हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांना २००८ साली नोबेल मिळालं. तेव्हा कुणा बाईला हा रोग झाला तर 'तिनंच काही केलं असेल' असं कुजबुजणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. आणि दहा-पंधरा वर्षं म्हणजे केवढा काळ! तेवढ्यात मुलगी दहावी होते. एवढ्या काळात एकदा कुणी नीट पाहिलं तर पुढचं सगळं टळतं.

हे नुसतं बोलणं नाही, आपल्या महाराष्ट्रातच ते सिद्ध झालं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा इस्पितळ, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर इस्पितळ आणि परदेशातली एक संशोधन संस्था ह्यांनी मिळून गावोगावच्या तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख ३१ हजार बायका अभ्यासाला घेतल्या. गावांचे गट पाडले. एका गटात विषाणूची तपासणी, आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा ह्या गटातल्या ३४ हजारांपैकी ३४ जणी ह्या रोगानं गेल्या होत्या. ज्या गटाला फक्त माहिती सांगितली, त्यातल्या ३१ हजारांपैकी ६४. एका तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले! २००९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. त्या ६४ जणी मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुलनेसाठी एक गट तपासणीविना ठेवावाच लागतो, असं शास्त्र म्हणतं. असं ठेवणं बरोबर होतं का, ह्यावर पुढं डॉक्टर मंडळींतच वाद झाला. मला विचाराल तर ज्या देशात तसंही कुणीच तपासत नव्हतं, तिथं तो गट शास्त्रज्ञांनी पाडला नव्हता. तो आधीपासून होताच. मावशी त्यातच होत्या.

दुसरा प्रयोग मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला. तो तर आपल्या स्वयंपाकघरातलाच म्हणा ना! दीड लाख बायका त्यात होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना थोडं प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून तपासणी करवली. तपासणी कसली? व्हिनेगर, म्हणजे सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि उजेडात पाहायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. प्रयोगशाळा नको, महिनाभर निकालाची वाट पाहणं नको. दोन-दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि बारा वर्षांनी मृत्यू शेकडा ३१ नी घटलेले दिसले. टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री ह्यांनी २०१३ साली हे अमेरिकेत सांगितलं. उस्मानाबादेत हीच व्हिनेगरची तपासणी एकदाच केली होती, तिथं तिचा म्हणावा तसा उपयोग दिसला नव्हता. म्हणजे स्वस्त उपाय असला तर तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. एका शिबिरात फोटो काढून मोकळं होऊन चालत नाही.

आणि इतकं सगळं आपल्याकडे कळूनही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत ही तपासणी कधीही झालेल्या किती निघाल्या? देशात शंभरात दोनसुद्धा नाहीत.

आता पुन्हा गाडीत बसू या. डोळवलीला मी उतरले, तिथं आशाताई वाट पाहत होत्या. ह्या वाडीच्या नि शेजारच्या कातकरवाडीच्या आशा कार्यकर्त्या त्याच. पाऊण तासाची चाल; बांधावरून, एक ओढा दगडांवरून ओलांडून. चपला हातात घेतल्या. आरोग्य केंद्रात दोन दिवसांनी व्हिनेगरच्या तपासणीचं शिबिर होतं आणि त्यासाठी बायकांना सांगत हिंडायचं होतं. मी म्हटलं, "दिवाळीनंतर ठेवलं असतं तर? रस्ते सुकतात." त्या हसल्या. "बाई, दिवाळी झाली की कातकरवाडीला कुलपं. समदी वीटभट्टीवर. पावसाळ्यातच उचल घेतलेली असते ना शेठकडून. मग थेट पाऊस पडायच्या टायमाला परत." रस्ता सुकला की माणसं नाहीत, माणसं असतात तेव्हा रस्ता नाही. ठाकूरवाडीत थोडी भातशेती आहे म्हणून ती निदान जागेवर असतात.

मावशींचंही असंच झालं. उपचाराला पैसे लागले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. राज्य सरकारची आरोग्य योजना, आता जिला महात्मा फुल्यांचं नाव आहे, ती २०१२ साली पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली त्यात आमचा रायगड होता. रेशनकार्डावर सगळं झालं. पण परळला रोज 'लाइट' घ्यायची, आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या रुग्णांची सोय होते. ती सुचवली तर मावशी राहायला तयार नाहीत. "म्हशीला कोण बघंल? नातवंडं हायत." मग डोळवली ते कर्जत, कर्जत ते दादर, दादरहून परळ आणि तसंच परत. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं, हे मलाही माहीत नव्हतं. तिथल्याच एका बाईंनी सांगितलं. दोनदा मी सोबत गेले. परतीच्या गाडीत त्या ओकत आणि मग पदरानं तोंड पुसून विचारत, "तुमची भांडी कोण घासतं हो?"

आषाढ लागला, लावणीचे दिवस आले आणि मावशी दोन आठवडे गेल्याच नाहीत. मध्ये खंड पडला तर उपचाराचा जोर ओसरतो, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण लावणी चुकली तर वर्षाचं भात चुकतं, हे त्यांना कुणी बजावायची गरज नव्हती. पुढच्या होळीला त्या गेल्या.

ही वाट चालताना समोर खोपोलीकडचा डोंगर दिसत होता. टाटांचं वीजघर तिकडे. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेलं पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून १९१५ साली इथं वीज काढली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. ते काम पुरं करणारे सर दोराबजी टाटा. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढं त्यांच्याच नावाच्या ट्रस्टनं १९४१ साली परळचं इस्पितळ उघडलं. इथलं पाणी, इथली वीज मुंबईला गेली, आणि इथल्या बायका त्याच वाटेनं परळला जातात. मी आपली चालता चालता असले धागे जुळवत बसते. आशाताई पुढं निघून गेल्या होत्या.

त्या इस्पितळात सुरुवातीपासून प्रयोगशाळा सांभाळणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांचं नाव आपण विसरलो आहोत. माणसाच्या रीतीभातीचा कॅन्सरशी काय संबंध, हे त्यांनी ओळखलं होतं. १९४५ साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई ह्यांनी कमरेवर धोतराच्या सततच्या काचानं होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. पुढं साडीचा, म्हणजे परकराच्या घट्ट नाडीचा असा कॅन्सरही मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवला. २०२४ साली वर्ध्याकडूनही तशी नोंद आली. फार विरळा आहे, घाबरून जाऊ नका. पण कमरेला काळा पट्टा पडून तिथली जखम भरत नसेल तर दाखवा आणि नाडी रुंद घ्या. ह्याच संशोधनाच्या घराण्यातल्या डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या, हुजूरपागेतल्या. मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी उंदरांवर स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास केला, १९८२ साली पद्मभूषण मिळालं. आणि एवढ्या मोठ्या बाई निवृत्तीनंतर कुठं गेल्या? अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांचं पोषण पाहायला. प्रयोगशाळेतून वाडीवर जायची वाट त्यांना आपसूक सापडली होती असं दिसतं.

वाडीत पोचलो तेव्हा मावशींची सून अंगण सारवत होती. तिशी उलटलेली, तीन मुलं. दातांना मशेरी लावूनच बोलत होती. मशेरी म्हणजे जाळलेला तंबाखूच की! हे तिला पटेना. "तोंड साफ ऱ्हातं बाई. नाय लावली तर सकाळी पोट साफ होत नाय." गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मशेरीचा तंबाखू मात्र वाण्याकडे सुखानं मिळतो. आपल्यापैकीही कितीजणी सासूबाईंच्या डबीतली चिमूट उचलतात, हे मला ठाऊक आहे हं! सुटत नसेल तर १८००-११-२३५६ ह्या सरकारी फोनवर फुकट सल्ला मिळतो, एवढं टिपून ठेवा.

शिबिराचं नाव काढताच ती गप्प झाली. मग म्हणाली, "सासूला परळला नेली आन् मेली. तपासलं की निघतंच." ह्यावर माझ्याजवळ उस्मानाबादचे आकडे होते. ते मी सांगितले नाहीत. जाऊबाईंचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं केलंय का, बाई?"

केलं नव्हतं! सदतीस वर्षांची मी, दोन मुलांची आई, वहीभर टिपणं काढलेली. आज करू, उद्या करू. खरं सांगायचं तर लाज आणि भीती, तिच्याइतकीच.

"माझं पण परवाच," मी म्हटलं. "आपण बरोबर जाऊ."

परवा ती आली, आणखी सहाजणींना घेऊन आली. कातकरवाडीतून दोघी. पहिली मीच गेले. पडद्याआड लोखंडी टेबल, नर्सबाई, बॅटरीचा उजेड आणि लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास. चार मिनिटं लागली. दुखलं नाही, गार लागलं. माझं ठीक निघालं. सुनेच्या वेळी मात्र नर्सबाईंनी बॅटरी पुन्हा धरली, डॉक्टरीणबाईंना हाक मारली. पांढरा डाग होता. कॅन्सर नव्हे, त्याच्या फार आधीची पायरी. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून ती जागा शेकून टाकायची, असं त्यांनी समजावलं. ती बाहेर येऊन पायरीवर बसली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गुरवारी भात झोडायचंय."

गुरुवारचा शुक्रवार केला. सकाळच्या गाडीनं ती नवऱ्याला घेऊन आली. जागा शेकायला काही मिनिटं लागली, अर्धा तास बसवून ठेवलं, मग आमच्याकडे चहा घेऊन दुपारच्या गाडीनं दोघं परत गेली. तिची थोरली अकरा वर्षांची आहे. ह्या विषाणूवरची लस नऊ ते चौदा वयाच्या मुलींना द्यायची असते, एक डोस पुरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली सांगितलं. त्यातही आपल्या बार्शी-पुण्याकडच्या मुलींचा वाटा आहे. २०१० साली सरकारनं लसीचे अभ्यास मध्येच थांबवले, पुष्कळ मुलींना एकच डोस मिळाला होता, आणि पुढं पाहिलं तर तोही पुरेसा निघाला. पुण्याच्या सीरम संस्थेनं २०२३ पासून देशी लसही आणली आहे. थोरलीच्या डोसाचं मी आणि आशाताई मिळून बघतो आहोत.

सुनेला वर्षानं पुन्हा दाखवायचं आहे. भात झोडायच्या आत, अशी तारीख आम्ही दोघींनी मिळून ठरवली आणि मी ती नव्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. मशेरीचं विचाराल तर ती काही सुटलेली नाही. मी गेले की डबी मागे सरकवते, एवढंच.